विज्ञानकथेची व्याख्या आणि सिनॉप्सिसचं दुसरं पान

मागच्या महिन्यात माझ्या रूममेटचा सिनॉप्सिस परत आला. ती मराठी विषयात पीएचडीला नाव नोंदवतेय, मी रसायनशास्त्रात करतेय. पिपरी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये त्यामुळे एका टेबलावर धारप आणि नारळीकर असतात, दुसऱ्यावर एनएमआरचे प्रिंटआउट. तिचा विषय मराठी विज्ञानकथा. शेरा एका ओळीचा होता: विज्ञानकथा म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करा.

तिने काय केलं असेल? तुम्ही आम्ही जे करतो तेच. दोन दिवसांत चौदा व्याख्या जमवल्या आणि दुसऱ्या पानावर एकाखाली एक लावल्या. शेवटी वाक्य: वरील व्याख्यांवरून असे दिसते की विज्ञानकथा ही एक व्यापक संकल्पना आहे. मला वाचायला दिलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे 'असे दिसते' म्हणजे तुला काहीच दिसलेलं नाही. ती चिडली. मग रात्री कूलरमध्ये पाणी भरता भरता आम्ही भांडलो, आणि त्या भांडणातून हा लेख निघालाय. तुमच्यातले बरेच जण पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहात. विषय विज्ञानकथा नसला तरी 'व्याख्या द्या' हा शेरा तुमच्या वाट्याला येणारच आहे.

आधी गोष्टीच घेऊ, व्याख्या नंतर. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' तुम्ही वाचली असेल. नसेल तर 'यक्षांची देणगी' हा १९७९चा संग्रह मिळवा. कल्पना अशी: कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियस पट्टी होते. त्या पट्टीवरून डाव्या हाताचा सपाट पंजा सरकवत एक फेरी मारली, तर परत येताना तो उजव्या हाताचा झालेला असतो. आपल्या अवकाशालाच असा पीळ पडला आणि माणूस त्यातून फिरून आला तर? तो आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होईल. उजवा गोलंदाज डावरा होईल. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होईल.

ही कल्पना नारळीकरांच्या आधीही येऊन गेलेली आहे. एच. जी. वेल्सच्या १८९६च्या 'द प्लॅटनर स्टोरी'त एक शिक्षक चौथ्या मितीत जाऊन येतो आणि त्याचं हृदय उजवीकडे गेलेलं असतं. आर्थर क्लार्कने १९४६च्या सुमारास 'टेक्निकल एरर'मध्ये वीजकेंद्रातल्या अपघातात एका माणसाला असंच उलटं केलं. क्लार्कने मात्र पुढचा प्रश्न विचारला, जो माझ्या विषयातला आहे: हा माणूस जेवणार काय?

इथे जरा थांबते, कारण मला यातच रस आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात ती जवळपास सगळी 'एल' रूपातली. आपण जाळतो ते ग्लुकोज 'डी' रूपातलं. डाव्या हातमोज्यात उजवा हात जात नाही, तसं आपल्या विकरांना एल-ग्लुकोज चालत नाही. ते गोड लागतं, पण ऊर्जा देत नाही. म्हणजे आरशातून उलटा होऊन आलेला माणूस पोळीभाजीच्या भरल्या ताटासमोर उपाशी मरेल. त्याला वासही वेगळे येतील. कार्व्होन नावाचा रेणू एका रूपात स्पिअरमिंट पुदिन्यासारखा आणि त्याच्या आरसारूपात शहाजिऱ्यासारखा वास देतो. उलट्या माणसाच्या नाकाला पुदिना शहाजिऱ्यासारखा येईल.

आता सांगा, तिघांपैकी विज्ञानकथा कुणाची? वेल्सकडे चौथी मिती आहे, पण पचनाचा प्रश्न नाही. क्लार्ककडे पचनाचा प्रश्न आहे, पण उलटं होण्याची यंत्रणा म्हणजे शब्दांची फोडणी आहे. नारळीकरांकडे भूमिती सगळ्यात स्वच्छ आहे, पण कथेचा भर ताटावर नाही. क्रिकेटच्या मैदानावर आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर आहे. 'विज्ञान बरोबर असेल ती विज्ञानकथा' असं म्हणाल तर तिन्ही कमीअधिक नापास होतील. ज्यूल व्हर्नसुद्धा नापास होईल, कारण १८६५च्या त्याच्या कादंबरीतल्यासारखी माणसं तोफेतून चंद्राकडे उडवली तर नळीतून बाहेर पडायच्या आधीच ती चिरडतील. आणि व्हर्नला बाहेर काढून विज्ञानकथेचा इतिहास लिहायचा, म्हणजे नवरदेवाला मांडवाबाहेर ठेवून लग्न लावायचं.

अचूकपणाच्या कसोटीला आणखी एक अडचण आहे. आजचं बरोबर उद्या चूक ठरतं. मंगळावर कालवे आहेत असं मानून लिहिलेल्या गोष्टी तेव्हा विज्ञानकथा होत्या. आता परीकथा झाल्या का? खुद्द नारळीकरांनी हॉईल यांच्यासोबत महास्फोटाच्या विरोधातल्या विश्वरचनेवर आयुष्यभर काम केलं. बहुमताचं विज्ञान हाच निकष धरला तर लेखकाचा शोधनिबंधच आधी काल्पनिक साहित्यात ठेवावा लागेल. (हा विनोद आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत सांगू नका.)

अमेरिकेतला थिओडोर स्टर्जन दुसरी कसोटी देऊन गेला. थोडक्यात ती अशी: गोष्ट माणसांची हवी, पण त्यातला विज्ञानाचा भाग काढला तर ती घडूच शकली नसती अशी हवी. वजाबाकीची कसोटी म्हणू. ती मला आवडते, कारण ती लावून बघता येते. म्हणून आम्ही ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'ला लावली. सीबीएसईतून आलेल्यांनी हीच कथा अकरावीच्या 'हॉर्नबिल'मध्ये 'द ॲडव्हेंचर' नावाने वाचलेली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, याचा विचार करत असतात. अपघात होतो आणि ते अशा मुंबईत पोचतात जिथे मराठे जिंकलेले आहेत. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात चाटून गेलेली असते. परत येतात तेव्हा खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटकं पान असतं. मग राजेंद्र नावाचा शास्त्रज्ञ कॅटास्ट्रोफी थिअरी आणि क्वांटम सिद्धांत वापरून त्याचा अर्थ लावतो.

वजाबाकी करा. राजेंद्रचं स्पष्टीकरण काढलं तरी पर्यायी मुंबईचा भाग उभा राहतो, आणि खरं सांगायचं तर तोच कथेतला जिवंत भाग आहे. आझाद मैदानावरची सभा स्पष्टीकरणाशिवायही रंगते. म्हणजे कसोटीत कथा नापास? रूममेट म्हणाली, हो, हा इतिहासाचा कल्पनाविलास आहे, मी यादीतून काढते.

मी म्हटलं, काढू नकोस. स्पष्टीकरण काढल्यावर काय उरतं बघ. उरते अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाची गोष्ट, आणि फाटकं पान हा गूढकथेतला शेवटचा धक्का होतो. म्हणजे प्रसंग टिकतात, पण वाचकाने त्या पानाकडे कसं बघायचं ते बदलतं. राजेंद्र बोलायला लागला की पान पुरावा होतं. आणि हे स्पष्टीकरण भौतिकशास्त्र म्हणून कच्चं आहे. इलेक्ट्रॉन इथे की तिथे याची अनिश्चितता थेट लढाईतल्या गोळीपर्यंत ओढता येत नाही. मधे असंख्य रेणू आहेत, आणि ते ही अनिश्चितता पुसून टाकतात. तरीही कथेत ते काम करतं. माझं मत असं झालंय की विज्ञानकथेत विज्ञान माहिती म्हणून क्वचितच लागतं. लेखक वाचकाला एक शब्द देतो: जे घडलं त्याला कारण आहे आणि ते विचार करून सापडण्यासारखं आहे. तो शब्द पाळायचा प्रयत्न दिसला की आपण ती कथा विज्ञानकथा म्हणून वाचतो.

हे मी शोधलंय असं समजू नका. डार्को सुविनने १९७२च्या निबंधात आणि पुढे १९७९च्या पुस्तकात हेच बरंच कडकपणे मांडलं. ओळखीचं जग अनोळखी करायचं, पण बुद्धीला धरून; आणि त्यासाठी कथेत एक नवी गोष्ट हवी, जिच्यामुळे बाकी सगळं बदलतं. तिला तो 'नोव्हम' म्हणतो. अनोळखी करण्याची कल्पना त्याने रशियन रूपवादी आणि ब्रेख्त यांच्याकडून घेतली. चर्चासत्रात कुणी ना कुणी उठून विचारतंच की मग पुष्पक विमान ही विज्ञानकथा का नाही, किंवा गांधारीचे तुपाच्या कुंभांतले शंभर कौरव. सुविनचं उत्तर हाताशी ठेवा. विमान अद्भुत आहे, पण ते कसं उडतं हा प्रश्न ती कथा विचारत नाही आणि वाचकानेही विचारावा अशी तिची अपेक्षा नाही. यात रामायण-महाभारताचा अपमान काहीच नाही. ती कथा वेगळ्या कराराने सांगितलेली आहे.

सुविनचा तोटा असा की तो फार लोकांना बाहेर काढतो. नारायण धारपांचं काय करायचं? भयकथांसाठी त्यांचं नाव, पण विज्ञानकथाही लिहिल्या, आणि कित्येकदा एकाच कथेत दोन्ही. 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकात विज्ञानकथा ही भयकथा, गूढकथा, रहस्यकथा यांच्या पंगतीत बसलेली असते. तिथे वाचणाऱ्याला ती कशी दिसते हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. फेब्रुवारी २०२३मध्ये वर्धेला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात मुद्दाम हे बघत फिरले होते. एका गाळ्यावर विज्ञानकथा बालसाहित्यात होत्या, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षांच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांना टेकून. तिसऱ्या गाळ्यावरच्या काकांनी विचारलं, "विज्ञान पाहिजे की कथा पाहिजे, ताई?" अख्खा वाद त्यांनी एका प्रश्नात गुंडाळला, आणि मला उत्तर देता आलं नाही.

आता मराठीतली मुख्य गोष्ट. आपल्याकडे हा शब्द कसा बनलाय बघा. बंगालीत कल्पविज्ञान म्हणतात, कल्पना आधी. मराठीत विज्ञानकथा: विज्ञान आधी, आणि 'काल्पनिक' हा भाग गायबच. शब्दावरून सगळं ठरतं असं मी म्हणणार नाही, पण शब्दामागे एक संस्था उभी आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत सुरू झाली ती विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यायला. तिच्या कथास्पर्धेचं नाव विज्ञानरंजन कथा स्पर्धा. रंजन करत विज्ञान, म्हणजे हेतू नावातच सांगितलेला. १९७४च्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं 'कृष्णविवर' या कथेला, लेखक नारायण विनायक जगताप. असा कुणी नव्हताच. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती.

हा किस्सा सगळे गमतीने सांगतात. मला त्यात व्याख्येचा एक प्रश्न दिसतो. नारळीकरांना माहीत होतं की त्यांचं नाव दिसलं की परीक्षक कथा वाचणार नाहीत, शास्त्रज्ञ वाचतील. म्हणजे लेखक कोण आहे हासुद्धा न लिहिलेला निकष होता. आणि पुढे तो निकष पक्काच झाला. १९७५ला कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली, आणि नंतरच्या वर्षांत ज्यांची नावं पुढे आली त्यांत विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या वर्गातून आलेले बरेच: बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. २०२१ला नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं तेव्हा वर्तुळ पूर्ण झालं म्हणायला हरकत नाही. हे सगळं चांगलंच झालं. मी स्वतः विज्ञानाकडे वळले त्यात या पुस्तकांचा वाटा आहे. पण यातून मराठीत एक व्याख्या न सांगता रुजली: चांगली विज्ञानकथा म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणारी कथा.

आणि इथे माझ्या रूममेटच्या सिनॉप्सिसचा खरा घोळ होता. दुसऱ्या पानावरच्या चौदा व्याख्यांतून तिने शेवटी हीच उचलली होती. चौथ्या पानावर गृहीतक होतं: मराठी विज्ञानकथेने समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवण्याचे कार्य केले आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. जी कथा दृष्टिकोन रुजवते तिलाच विज्ञानकथा म्हणायचं, तशाच कथा निवडायच्या, आणि तीन वर्षांनी निष्कर्ष काढायचा की विज्ञानकथा दृष्टिकोन रुजवतात. हे संशोधन नाही. डब्यात स्वतः ठेवलेला लाडू स्वतःच उघडून दाखवणं आहे. शेरा मारणाऱ्यांच्या मनात हेच होतं का, ते मला ठाऊक नाही. एका ओळीत त्यांनी ते सांगितलं असतं तर तिचे दोन आठवडे आणि बरंच रडणं वाचलं असतं.

मी तिला माझ्या विषयातलं उदाहरण दिलं. आम्ल म्हणजे काय? अऱ्हेनियस म्हणाला, पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते. १९२३ला ब्रॉन्स्टेड आणि लाउरी म्हणाले, पाणी कशाला हवं, प्रोटॉन देतं ते आम्ल. त्याच वर्षी लुईसने मांडलं की प्रोटॉनही नको, इलेक्ट्रॉनची जोडी घेतं ते आम्ल. त्यामुळे बोरॉन ट्रायफ्लुओराइड, ज्यात हायड्रोजनचा एकही अणू नाही, तेही आम्ल झालं. तिन्ही व्याख्या आजही वापरात आहेत. बीएस्सीच्या पोराला कुणी विचारत नाही की खरी कुठली. टायट्रेशन करताना एक, उत्प्रेरकाचा विचार करताना दुसरी. प्रश्न बदलला की व्याख्या बदलते, आणि कुठली वापरतोय ते सांगायचं असतं, बस.

तिचं उत्तर मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, तुझं आम्ल लुईसचा पेपर वाचून आपलं वागणं बदलत नाही. लेखक बदलतो. स्पर्धेची जाहिरात वाचतो, मागच्या वर्षीची बक्षीसपात्र कथा वाचतो आणि तशी लिहितो. बरोबर आहे. जॉन रीडरने २०१०च्या लेखात साधारण याच दिशेने म्हटलंय की विज्ञानकथेला एक मूळ, एक सार असं काही नाही. वाचक, लेखक, प्रकाशक, संपादक वेगवेगळ्या हेतूंनी ते नाव वापरत जातात आणि त्या वापराचा इतिहास म्हणजेच हा प्रकार. म्हणजे 'विज्ञानकथा काय आहे' याऐवजी 'कुणी, कधी, कशाला विज्ञानकथा म्हटलं' असं विचारता येतं. मराठीसाठी हा प्रश्न जास्त फळेल असं मला वाटतं, कारण इथे उत्तर शोधायला जागा आहेत: परिषदेची स्पर्धा, दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका, वाचनालयातली कपाटं. पण तुमचा प्रश्न कथांच्या रचनेबद्दल असेल, तर सुविन घ्या आणि त्याच्यामुळे कोण बाहेर पडतंय ते लिहून टाका. बाहेर पडणाऱ्यांची नावं न लिहिता सुविन वापरणं मला अप्रामाणिक वाटतं. मराठीत त्यात धारप जातात, आणि अद्भुत व विज्ञान सरमिसळ करून लिहिणारे नवे लोकही जातात.

चौदा व्याख्यांची यादी तेवढी देऊ नका. परीक्षकाला त्या माहीत असतात. त्याला तुमची एक हवी असते, आणि ती तुमच्या प्रश्नाला का लागते ते हवं असतं.

तिने दुसरं पान आता असं केलंय. मराठी दिवाळी अंकांनी आणि विज्ञानरंजन स्पर्धेने ज्यांना 'विज्ञानकथा' हे नाव दिलं त्या कथा, १९७४पासून पुढे. चौथ्या पानावरचं गृहीतक प्रश्न झालंय: हे नाव देताना वैज्ञानिक दृष्टिकोनाची अपेक्षा किती होती, आणि ती न पाळणाऱ्या कथांचं काय झालं? या मांडणीत तिचं गृहीतक चुकूही शकतं, म्हणून मला ती आवडली. मागे एक परिशिष्ट जोडलंय, 'सीमेवरच्या कथा'. त्यात सध्या अकरा आहेत, दोन धारपांच्या. गंगाधरपंतांवर आमचं अजून जमलेलं नाही. तिने पेन्सिलीने लिहून ठेवलेत.

सोमवारी ती सिनॉप्सिस पुन्हा जमा करतेय. जुने 'धनंजय' किंवा 'नवल'चे अंक तुमच्या घरी, आजोबांच्या कपाटात वगैरे असतील, तर अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो पाठवा. कथा नको, फक्त अनुक्रमणिका, आणि वर्ष दिसेल असा.